बंदी शर्यतीवर, वेग मात्र मोकाट

लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये जून २०२२ मध्ये ८१ वर्षांची एक वृद्धा आपल्या कुत्र्याला फिरवून परतत होती. रस्ता ओलांडत असताना सायकलस्वारांचा एक घोळका भरधाव आला आणि त्यातल्या एकाची तिला धडक बसली. सुमारे दोन महिन्यांनी रुग्णालयात तिचा अंत झाला. २०२४ च्या मे महिन्यात या मृत्यूची न्यायचौकशी झाली, तेव्हा दोन गोष्टी उजेडात आल्या. पहिली अशी की, त्या रस्त्यावर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची वेगमर्यादा असताना हा घोळका ताशी २५ ते २९ मैलांच्या वेगाने जात होता. दुसरी अधिक विलक्षण होती. ती वेगमर्यादा सायकलींना लागूच नव्हती! मर्यादा यंत्रचलित वाहनांसाठी. माणसाच्या पायांनी चालणारे वाहन तिच्या कक्षेबाहेर. त्यामुळे वेगमर्यादा मोडल्याचा आरोप कुणावर ठेवता येईना आणि खटलाही उभा राहिला नाही.

इंग्लंडच्या वृत्तपत्रांत यावरून बराच गदारोळ झाला. लंडनच्या ऐतिहासिक राजोद्यानांची व्यवस्था ‘रॉयल पार्क्स’ ही विश्वस्त संस्था पाहते. तिच्यावर काहीतरी करून दाखवण्याचे दडपण आले आणि तिने दोन पावले उचलली. सायकलस्वारांच्या वेगाची नोंद ठेवून त्यांच्यात चुरस लावणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या मोबाइल ॲपच्या चालकांना तिने रीजंट्स पार्कचा वर्तुळाकार रस्ता चुरशीच्या यादीतून काढण्याची विनंती केली. हे योग्यच झाले. दुसरे पाऊल मात्र वेगळ्याच दिशेने पडले. शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या रिचमंड पार्कमध्ये एका सायकल क्लबतर्फे अनेक वर्षे होत आलेल्या ‘टाइम ट्रायल’ शर्यतींना २०२४ मध्ये परवानगी नाकारण्यात आली. वेगमर्यादेपेक्षा अधिक वेगाने जाण्यास थेट उत्तेजन देणाऱ्या उपक्रमाला उद्यानात मुभा देता येणार नाही, असे कारण सांगितले गेले.

वरवर पाहता यात गैर काहीच दिसत नाही. उद्यान ही शांततेची जागा, शर्यत हा वेगाचा खेळ. तेव्हा शर्यत उद्यानात नको, असे कोणीही म्हणेल. परंतु जरा खोलात शिरले की निर्णयातील विसंगती ध्यानात येते. ज्या घटनेमुळे हा सारा विचार सुरू झाला, ती कोणत्याही शर्यतीत घडलेली नव्हती. तो घोळका आपल्या सरावासाठी निघाला होता. रस्ता बंद केलेला नव्हता, वळणावर झेंडा घेऊन कुणी उभा नव्हता आणि कुणाची परवानगीही घेतलेली नव्हती. याउलट रिचमंडमधील शर्यत उद्यानाचे दरवाजे मोटारींसाठी उघडण्यापूर्वी, भल्या पहाटे होत असे. तिला अर्ज होता, जबाबदार आयोजक होते, ठिकठिकाणी स्वयंसेवक होते. अपघात झाला अनियंत्रित वेगाने आणि बंदी आली नियंत्रित वेगावर! ज्याचे नाव-गाव कागदावर आहे त्याला अडवणे सोपे असते. जो कागदावर नाही त्याला शोधावे लागते. प्रशासन लंडनचे असो वा मुंबईचे, सोप्या वाटेचा मोह त्याला सारखाच होतो.

टाइम ट्रायल म्हणजे काय, हेही येथे समजून घेतले पाहिजे. सायकल शर्यतीचा आणि उद्यानाचा संबंध मुळातच जुना आहे. पॅरिसनजीकच्या सेंट-क्लाउड येथील उद्यानात ३१ मे १८६८ रोजी झालेली शर्यत ही जगातील पहिली सायकल शर्यत म्हणून सांगितली जाते. त्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, पण हा खेळ उद्यानाच्या वाटांवर रांगू लागला हे खरे. पुढे तो सार्वजनिक रस्त्यांवर आला आणि इंग्लंडमध्ये त्याचे पोलिसांशी खटके उडू लागले. १८९४ मध्ये लंडनच्या उत्तरेकडील रस्त्यावर एका शर्यतीत सायकलस्वारांच्या झुंडीमुळे एका घोडागाडीला अपघात झाला. त्या झुंडीत फ्रेडरिक बिडलेक नावाचे नामांकित सायकलपटू होते. त्यानंतर इंग्लंडच्या सायकल संघटनेने रस्त्यावरील शर्यतींपासून स्वतःच अंग काढून घेतले. खेळ तर जगवायचा, पण लोकांना त्रास द्यायचा नाही, हा पेच बिडलेक यांनी १८९५ मध्ये सोडवला. सर्वांनी एकदम सुटण्याऐवजी ठराविक अंतराने एकेकाने सुटायचे, कुणी कुणाच्या मागे चिकटायचे नाही आणि ज्याला कमी वेळ लागेल तो विजयी. या शर्यती पहाटे होत, स्पर्धक डोळ्यांत न भरणारे काळे कपडे घालत आणि मार्गाचा गवगवा होऊ नये म्हणून रस्त्यांना सांकेतिक नावे देत. कित्येक दशके इंग्लंडचा सायकल खेळ असा जवळजवळ भूमिगत राहून जगला.

म्हणजे टाइम ट्रायल हा प्रकारच मुळी इतरांच्या सुरक्षिततेच्या काळजीतून जन्माला आला. कायद्याने सक्ती करण्यापूर्वी खेळाडूंनी स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन होते. अशा शर्यतीलाच सव्वाशे वर्षांनंतर बेशिस्तीचे प्रतीक ठरवून उद्यानाबाहेर काढले गेले, हा काळाचा विनोद म्हटला पाहिजे.

मात्र याचा अर्थ सायकलस्वारांची बाजू निर्दोष आहे, असा नव्हे. त्यांच्या कैवाऱ्यांकडून एक युक्तिवाद नेहमी केला जातो. मोटारींमुळे मरणाऱ्यांच्या तुलनेत सायकलींमुळे मरणाऱ्यांची संख्या नगण्य आहे, मग एवढा गहजब कशासाठी? हा युक्तिवाद हमरस्त्यावर चालेल. उद्यानात तो लंगडा पडतो. हमरस्त्यावर पाऊल ठेवणारा माणूस सावध असतो. उद्यानात तो येतो तोच मुळी सावधपणाचे ओझे उतरवून ठेवायला. तेथे मूल आईचा हात सोडून धावते, आजोबा बोलण्याच्या नादात रस्त्याच्या मधोमध थांबतात, एखादी गर्भवती संथपणे चालत असते. या बेसावधपणाचा अधिकार हीच उद्यानाची खरी मिळकत आहे आणि ताशी चाळीस किलोमीटरने येणारी सायकल नेमकी तीच हिरावून घेते.

या वेगाचे साधे गणितही पाहण्यासारखे आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी सायकल ११ मीटर पुढे गेलेली असते. प्रत्यक्ष थांबणे त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाने धडक दिली तर खरचटेल किंवा फार तर हाड मोडेल. चाळीसच्या धडकेत डोके फरशीवर आपटले की वृद्ध माणूस उठेलच याची शाश्वती नाही. त्यातून सायकल निःशब्द. मोटारीचा आवाज ऐकून माणूस थबकतो. सायकलची चाहूल तिच्या अंगावर येण्याच्या क्षणीच लागते.

आणि घोळक्याची रीत तर आणखी वेगळी. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालले की वारा कापण्याचे श्रम पुष्कळ वाचतात. म्हणून सराव करणारे एकामागोमाग एक, वीतभर अंतराने जातात. अशा रांगेत मागच्याला पुढच्याची पाठ आणि चाक यांखेरीज फारसे काही दिसत नाही. वाट पाहायची ती एकट्या पहिल्याने. त्याने ओरडून वा हाताने इशारा दिला तर मागचे सावरतात, आणि त्याने अचानक सायकल वळवली तर मागचे चौघे-पाचजण समोर काय आहे हे कळण्याआधीच त्यावर आदळतात. बंदिस्त मार्गावर हे कौशल्य ठरते. रविवारी सकाळी आठ वाजता, लहान मुलांनी भरलेल्या उद्यानात, ते कौशल्य राहत नाही.

रिचमंड पार्कच्या इतिहासात एक कथा आहे. राजा पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी सुमारे अडीच हजार एकर जमिनीला भिंत घातली. मात्र लोकांची जुनी पायवाट चालू ठेवली. पुढे दुसऱ्या जॉर्जची मुलगी राजकन्या अमेलिया उद्यानाची अधिकारी झाली आणि तिने निवडक प्रतिष्ठितांखेरीज सर्वांना दरवाजे बंद केले. तेव्हा जॉन लुइस नावाचा मद्य गाळण्याचा व्यवसाय करणारा एक रिचमंडवासी न्यायालयात गेला आणि १७५८ मध्ये खटला जिंकला. भिंत ओलांडण्यासाठी शिड्या बसवण्याचा आदेश झाला. असे सांगतात की, राजकन्येच्या माणसांनी शिडीच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या अंतरावर ठोकल्या की सामान्य माणसाला चढता येऊ नये. लुइसने पुन्हा तक्रार केली आणि न्यायाधीशांनी म्हाताऱ्या बाईलाही चढता येईल अशी शिडी करण्यास बजावले.

सार्वजनिक जागेच्या हक्काचे माप त्या न्यायाधीशाने घोडेस्वाराच्या मांडीवरून घेतले नाही. म्हातारीच्या गुडघ्यावरून घेतले. उद्यानातील वाहतुकीचा प्रश्न आला की हेच माप पुरेसे ठरावे. सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला उद्यान निर्भयपणे वापरता येते का, हा पहिला प्रश्न. सर्वांत वेगवानाला तेथे जागा मिळते का, हा त्यानंतरचा. पण ‘त्यानंतरचा’ म्हणजे ‘नाहीच’ असे मात्र नव्हे. वर्षातील मोजक्या पहाटे, इतरांच्या वापराची वेळ सुरू होण्यापूर्वी, तीच वाट वेगवानाला देता येते. पहाटे पाचची वाट आणि सकाळी आठची वाट या जणू दोन वेगळ्या वाटा आहेत.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१४ मध्ये अवघ्या दीड-दोन महिन्यांच्या अंतराने सायकलच्या धडकेने दोघांचे प्राण गेले. एक धावायला आलेला वृद्ध, दुसरी रस्ता ओलांडणारी महिला. दोन्ही अपघात शर्यतीतले नव्हते. न्यूयॉर्क राज्यात रस्त्यावरील सायकलस्वाराला वाहनचालकाचेच नियम लागू असल्याने पोलिसांचे हात तेथे लंडनसारखे बांधलेले नव्हते. उद्यानातील वेगमर्यादा त्याच वर्षी ताशी २५ वरून २० मैलांवर आणली गेली, दंडवसुली झाली आणि २०१८ मध्ये तर उद्यानातील रस्ते खासगी मोटारींना पूर्णपणे बंद करण्यात आले. मात्र भल्या पहाटे होणाऱ्या क्लबच्या शर्यतींवर या अपघातांनी गदा आली नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेला सेंच्युरी रोड क्लब त्या भरवतो, आणि शर्यतीत उतरणाऱ्या सभासदाला वर्षातून काही वेळा मार्शल म्हणून इतरांच्या शर्यतीसाठी रस्त्यावर उभे राहावे लागते. ही तरतूद साधी दिसते, पण तिच्यात मर्म आहे. जो माणूस एकदा पहाटेच्या थंडीत हातात शिट्टी घेऊन पादचाऱ्यांच्या पट्ट्यापाशी तासभर उभा राहिला, त्याला पादचारी कसा चालतो, कुठे गोंधळतो, कधी घाबरतो हे कळते. पुढच्या वेळी सायकलवर असताना त्याची नजर आपोआप त्या पट्ट्याकडे जाते. पोलिसाच्या दंडाने जे साधत नाही ते सेवेच्या एका पाळीने साधते.

मोटारी गेल्यानंतर सेंट्रल पार्कमध्ये सारे आलबेल झाले, असेही नाही. रिकाम्या रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या सायकली आल्या, घरपोच खाद्यपदार्थ पोचवणारे आले. अखेर २०२५ मध्ये उद्यानाची देखभाल करणाऱ्या संस्थेलाच विजेच्या सायकलींवर बंदीची मागणी करावी लागली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून न्यूयॉर्क शहराने अशा सायकलींना ताशी १५ मैलांची मर्यादा घातली.

इंग्लंडनेही कायद्यातील फटीकडे उशिरा का होईना लक्ष दिले. तेथे सायकलस्वाराच्या बेदरकारपणाने कुणाचा मृत्यू झाला, तर १८६१ च्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याचा आधार घ्यावा लागे आणि त्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची. १९८८ च्या वाहतूक कायद्यात धोकादायक सायकल चालवण्याबद्दल केवळ दंडाची तरतूद होती. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आलेल्या विधेयकात धोकादायक सायकलिंगमुळे मृत्यू घडवणे हा स्वतंत्र गुन्हा करण्याची तरतूद मांडली गेली. उद्यानातील प्रश्नावर खरे उत्तर या दिशेने होते. म्हणजे मर्यादा सर्व चाकांना लागू करणे आणि ती मोडणाऱ्या व्यक्तीला जाब विचारणे. शर्यतीची परवानगी नाकारून यातले काहीच साधले नाही. शर्यत बंद झाली म्हणून सराव करणाऱ्याचे पाय मंदावत नाहीत. उलट एक दुवा तुटतो. क्लबला उद्यानाची परवानगी हवी असते, म्हणून तो आपल्या सभासदांना धाकात ठेवतो. गैरवर्तन केले तर शर्यतीतून वगळण्याचे हत्यार त्याच्या हाती असते. परवानगीच संपली की ते हत्यारही बोथट होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका आहे, असे कुणी समजू नये. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात आंतरराष्ट्रीय दर्जाची ‘पुणे ग्रँड टूर’ ही शर्यत झाली. चारशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग, परदेशी संघ, बंद केलेले रस्ते. अशा शर्यतींनंतर शेकडो तरुण सायकलीवर बसतात, आणि ते स्वागतार्हच आहे. पण ते सराव कुठे करणार? हमरस्त्यावर ट्रक आणि खड्डे आहेत. साहजिकच पहाटे मोकळे असणारे टेकडीचे रस्ते, विद्यापीठांची आवारे, तलावाकाठच्या वाटा आणि उद्याने यांकडे ते वळणार. आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच वाटांवर ज्येष्ठ नागरिक फिरायला आलेले असतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आजही कान्हेरीच्या रस्त्यावर सकाळी फिरणारे आणि सायकल चालवणारे एकमेकांना वाट देत जातात. तेथे वेग अजून माफक आहे, म्हणून निभावते.

आपला कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील वेगमर्यादा, नावाप्रमाणे, मोटार वाहनांना आहेत. साधी सायकल त्यात येत नाही. म्हणजे लंडनमध्ये जी फट होती तीच येथेही आहे. मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक वाटेवर बेदरकारपणे कोणतेही वाहन चालवणाऱ्याला लागू होते. सहा महिन्यांपर्यंत कारावास वा एक हजार रुपयांपर्यंत दंड, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हत्यार आहे, पण ते अपघातानंतरचे. अपघातापूर्वीची व्यवस्था महापालिकांच्या उद्यान विभागांनी आणि वन विभागाने करायची आहे, आणि तेथे आज दोनच टोके आढळतात. एक तर उद्यानाच्या फाटकावर ‘सायकल आणण्यास सक्त मनाई’ अशी पाटी असते व ती सहा वर्षांच्या मुलाच्या तीनचाकीलाही लागू होते. नाहीतर एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाची सायकल फेरी असते, आणि मग ध्वनिक्षेपक, कमानी, टेम्पो आणि पाचशे सायकली यांना ऐन रविवारी सकाळी सारी दारे सताड उघडी होतात. फिरायला आलेल्यांनी त्या दिवशी घरी बसायचे!

दोन्ही टोके सोडून काही साध्या अटी घालणे अवघड नाही. शर्यत असेल तर ती उजाडताच सुरू होऊन फिरणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वी संपली पाहिजे आणि तेवढा वेळ तो रस्ता खरोखर बंद असला पाहिजे. अर्धा बंद, अर्धा चालू हा आपला आवडता प्रकार सर्वांत घातक. तारीख आठवडाभर आधी फाटकावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे, कारण सकाळी फिरणाऱ्या आजींच्या हाती ॲप नसते. प्रत्येक पायवाट जेथे रस्त्याला मिळते तेथे आयोजकांचा माणूस उभा हवा आणि त्याला सायकली थांबवण्याचा अधिकार हवा. सामूहिक शर्यतीपेक्षा एकेकट्याने सुटण्याच्या शर्यतीला उद्यानात प्राधान्य असावे. विम्याची प्रत अर्जासोबत घ्यावी. राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांच्या विणीच्या काळात परवानगीच नसावी. आणि वर्षातून किती वेळा, याचा आकडा आधी जाहीर करावा, म्हणजे दर रविवारी नवा अर्ज आणि नवे दडपण येणार नाही.

शर्यत नसलेल्या इतर साडेतीनशे दिवसांचे काय, हा प्रश्न याहून मोठा. त्यासाठी चढ-उतारावर रस्त्याला आडवे उंचवटे, फिरणाऱ्यांसाठी वेगळी कड आणि सायकलींनाही लागू अशी, फाटकावर लिहिलेली ताशी १५ किंवा २० किलोमीटरची मर्यादा लागेल. ती पाळली जाते की नाही हे पाहायला रखवालदार पुरेसा नाही. प्रत्येक शहरात सायकल क्लब आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सकाळी शाखा किंवा योगवर्ग चालवणारे आहेत. या मंडळींनी महिन्यातून एकदा उद्यान अधीक्षकासमोर एकत्र बसावे, इतकी व्यवस्था पालिकेने केली तरी निम्मे तंटे फाटकाच्या आतच मिटतील. क्लबच्या तरुणांनी महिन्यातील एका रविवारी सायकल घरी ठेवून वळणावर शिट्टी घेऊन उभे राहायचे, असा ठराव पहिल्याच बैठकीत करता येईल.